सोंडे डब्यात, मांजर दारात

एप्रिल-मे महिन्यांत लालबागच्या मसाला गल्लीतून शिंकल्याशिवाय पार होता येत नाही. बेडगी, संकेश्वरी, पांडी, लवंगी, काश्मिरी अशा मिरच्यांची पोती उघडी पडलेली असतात आणि भाजलेल्या धण्या-खोबऱ्याचा वास थेट चिंचपोकळी स्टेशनच्या पुलापर्यंत पाठलाग करतो. बेगमीचे हे दिवस. वर्षाचं तिखट कांडून आणायचं, गव्हाला ऊन द्यायचं, तूरडाळीला एरंडेल चोळायचं, कोकणातून गावचे तांदूळ आले असतील तर गोण माळ्यावर चढवायची. पाऊस लागून दोन-तीन आठवडे झाले, की यातल्याच कुठल्या तरी डब्याचं झाकण उघडावं आणि आत वर्दळ दिसावी, हाही वार्षिक कार्यक्रमच.

गिरणगावातल्या घरांना हे नवीन नाही. नवीन आहे ते त्याच दहा-बाय-बाराच्या खोलीत किंवा चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरमधल्या वन बीएचकेत आलेलं दुसरं बिऱ्हाड. गॅलरीतून ये-जा करणारं मांजर आता गादीवर झोपतं, कुत्र्याची सुक्या खाण्याची पिशवी तांदळाच्या डब्याला टेकून उभी असते, खिडकीत बजरीगारांचा पिंजरा असतो आणि टीव्हीशेजारी माशांची टाकी. आजीने धान्यासाठी वापरलेले सगळेच उपाय या घरात चालत नाहीत. धान्यातल्या किड्यांनी कुणाचं मांजर मारल्याचं ऐकिवात नाही. त्यांच्यासाठी आणलेल्या औषधांनी मात्र जीव जाऊ शकतो. म्हणून आधी किड्यांची ओळख करून घेऊ, मग औषधांची.

डब्यातले भाडेकरू

आपण सरसकट 'किडे झाले' म्हणतो. पण डब्यात राहणाऱ्यांच्या जाती वेगळ्या आणि सवयीही वेगळ्या.

तांदळात आणि गव्हात दिसतो तो सोंड्या. लांबी जेमतेम ३ मिलिमीटर, रंग काळपट तपकिरी, पाठीवर चार तांबूस ठिपके आणि पुढे सोंड. मादी या सोंडेने दाण्याला भोक पाडते, आत एकच अंडं घालते आणि वर चिकट स्राव लावून भोक बुजवून टाकते. तो दाणा बाहेरून अगदी धडधाकट दिसतो. आत अळी पीठ खात वाढते, तिथेच कोष करते आणि मुंबईच्या उकाड्यात साधारण महिनाभराने पूर्ण वाढ झालेला सोंड्या दाणा पोखरून बाहेर येतो. एक मादी आयुष्यात तीनशेच्या आसपास अंडी घालू शकते. म्हणजे ज्या दिवशी आपल्याला चार सोंडे दिसतात, त्या दिवशी डब्यात खरी वस्ती किती आहे ते दिसतच नसतं. मूठभर तांदूळ पाण्यात टाकून पाहा. तरंगून वर येणारे पुष्कळसे दाणे आतून पोकळ झालेले असतात.

मूग, मटकी, चवळी, हरभरा यांत भुंगे होतात. त्यांचा कारभार उघड. मादी अंडं दाण्याच्या सालीवरच चिकटवते. मुगाच्या हिरव्या पाठीवर चुन्याचा बारीक ठिपका पडल्यासारखं दिसलं तर ते अंडं समजा. अळी तिथून थेट दाण्यात शिरते आणि तीन-चार आठवड्यांत गोल भोक पाडून भुंगा बाहेर पडतो. बाहेर आलेला भुंगा डब्यातलं काही खात नाही, दहा-बारा दिवस जगतो आणि तेवढ्यात पुढच्या पिढीची सोय लावून जातो.

रवा, मैदा, कणीक, बेसन यांत तांबूस चपटे पोरकिडे होतात. अखंड दाणा फोडणं यांना जमत नाही. पीठ, कणी, तुकडा हे यांचं क्षेत्र. गर्दी वाढली की अंगातून एक उग्र रसायन सोडतात, म्हणून जुन्या पिठाला तो ओळखीचा कडवट वास येतो आणि रंगही किंचित गुलाबी होतो. असं पीठ चाळून वापरण्यात अर्थ नाही.

रव्यात, कणीत, शेंगदाण्यांत जाळी धरते ती पतंगाच्या अळीची. संध्याकाळी ट्यूबलाइटभोवती घिरट्या घालणारं करड्या रंगाचं पाखरू हेच. गंमत अशी, की आपण ज्याला शिव्या घालतो त्याच पतंगाला कृषी विद्यापीठांच्या प्रयोगशाळा भरडलेल्या धान्यावर मुद्दाम वाढवतात. त्याच्या अंड्यांवर ट्रायकोग्रामा नावाची सूक्ष्म गांधीलमाशी पोसतात आणि त्या अंड्यांची कार्डं ऊस-कपाशीच्या शेतात लावतात. माशी बाहेर पडून बोंडअळी, खोडकिडा यांची अंडी नष्ट करते.

राहिला मसाल्यातला किडा. धणे, हळद, सुकी मिरची, आलं यांत होणारा, मान खाली घालून बसलेला, गोलसर पाठीचा, धक्का लागताच मेल्याचं सोंग घेणारा. तंबाखूही पचवणारा हा प्राणी. कुत्र्या-मांजरांचं सुकं खाणं त्याला फार आवडतं.

हे येतात कुठून?

पुष्कळदा ते वाण्याकडूनच, दाण्याच्या आत बसून, आपल्या पिशवीतून घरी येतात. कधी शेजारच्या डब्यातून उडत येतात, कारण तांदळातल्या सोंड्याला पंखही असतात. आणि पाळीव प्राण्याच्या घरात तिसरी एक वाट असते, ती सहसा शोधली जात नाही.

गृहिणी तांदूळ निवडते, रवा चाळते, डाळीचा डबा महिन्यातून एकदा तरी हलवते. कुत्र्याच्या पिशवीकडे मात्र कुणी बघत नाही. दहा किलोची पिशवी स्वस्त पडते म्हणून आणलेली, तोंड कापून कपड्याच्या चिमट्याने बंद केलेली, दोन-अडीच महिने तशीच उभी. त्यात प्रथिनं आहेत, चरबी आहे, धान्याचं पीठ आहे, म्हणजे मसाल्यातल्या आणि पिठातल्या किड्यांना पंचपक्वान्नं. पोपटांच्या राळ्या-बाजरीच्या बरणीचं तेच. अनेक घरांत कुत्र्यासाठी वाण्याकडून वेगळी कणी आणतात. ती तुटलेली, भुकटी असलेली, बहुधा आधीच जुनी असते. पोरकिडे आणि पतंग यांना अखंड तांदळापेक्षा तीच अधिक सोयीची. घरातले सगळे डबे धुऊनही कीड परत परत येत असेल, तर तपास या पिशवीपासून सुरू करावा. ताटल्यांखाली आणि ओट्यामागे सांडलेले चार दाणेही महिनाभराची वस्ती पोसतात.

प्राण्याने किडे खाल्ले तर?

काही होत नाही. सोंडे, पोरकिडे, अळ्या यांत विष नाही. कुत्रा किंवा मांजर ते पचवतं आणि बजरीगार तर अळी दिसली तरी बिचकत नाही. पण किडलेल्या खाण्याचा प्रश्न एवढ्यावर संपत नाही.

किडे श्वास घेतात, त्यातून ऊब आणि ओल तयार होते. पोखरलेल्या दाण्यावर बुरशी लवकर बसते. दमट हवेत सुक्या खाण्यावर डोळ्यांना न दिसणारे पिठातले कोळीही वाढतात आणि काही कुत्र्यांना त्यांची ॲलर्जी होते. पावसाळ्यात कान-पंजे खाजवत बसणाऱ्या कुत्र्याच्या खाण्याचा डबा बघायला डॉक्टर सांगतात ते यासाठी.

बुरशीची गोष्ट त्याहून गंभीर. १९७४ च्या पावसाळ्यानंतर गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा भागातल्या आदिवासी गावांत काविळीची विचित्र साथ आली. मक्याचं पीक कापणीच्या वेळी पावसात भिजलं होतं, नीट वाळलं नव्हतं आणि तोच मका रोजच्या जेवणात होता. नोंदवलेल्या ३९७ रुग्णांपैकी १०६ दगावले. कारण निघालं अफ्लाटॉक्सिन, म्हणजे अस्परजिलस बुरशीने दाण्यात सोडलेलं, यकृत निकामी करणारं विष. त्या घरांतली तेच अन्न खाणारी कुत्रीही त्याच आजाराने मेली. २००५ च्या अखेरीस अमेरिकेत एका कंपनीच्या सुक्या खाण्यातल्या मक्यातून हेच विष गेलं आणि शंभराहून अधिक कुत्रे मेले. हे विष शिजवून जात नाही.

म्हणून नियम सोपा: नुसते किडे असतील तर चाळा, गोठवा, वापरा. कुबट वास, ओले गोळे, हिरवट-काळी बुरशी दिसली तर टाकून द्या. 'माणसांना नको, कुत्र्याला घालू' हा काटकसरीचा विचार इथे महागात पडतो, कारण कुत्र्याचं वजन आपल्या चौथ्या-पाचव्या हिश्शाचं असतं आणि त्याच्या ताटात रोज तोच एक पदार्थ असतो.

उंदीर, प्लेग आणि मांजर

धान्य आणि रोग यांचं नातं या भागाने फार जवळून पाहिलं आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मुंबईतला प्लेग ओळखला तो मांडवीत, धान्याच्या वखारींच्या वस्तीत. त्यावर लस शोधणाऱ्या हाफकिनांची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नर बंगल्यात आली. आजची हाफकिन संस्था तीच. प्लेगचं खापर उंदरांवरच्या पिसवांवर फुटल्यावर मांजराचा भाव वधारला. अमरावतीचे सिव्हिल सर्जन बुकॅनन यांनी १९०८ च्या सुमारास घरोघरी मांजर पाळा, म्हणजे प्लेग दूर राहील, असा आग्रहच धरला होता.

मांजर घरात आलं ते धान्याचं राखणदार म्हणून. उंदरापुरतं ते काम अजूनही करतं. सोंड्यापुढे मात्र त्याची नखं निरुपयोगी. आणि सोंड्यासाठी आपण जे विकत आणतो, त्याचा पहिला बळी हे राखणदारच ठरण्याचा धोका असतो. याचं कारण त्याच्या शरीरात आहे. मांजर दिवसाचा मोठा वेळ अंग चाटण्यात घालवतं. जमिनीवर जे सांडलं ते पंजाला लागतं, पंजावरचं पोटात जातं. शिवाय आपल्या यकृतात काही रसायनांना निकामी करून बाहेर टाकणारं एक विकर असतं. मांजराच्या शरीरात ते बनवणारं जनुक मोडीत निघालेलं आहे. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराला मारू शकते ती त्यामुळेच. लवंगेच्या तेलासारखी तेलंही याच कारणाने त्याला जड जातात.

एकेका उपायाची झडती

सर्वांत आधी, धान्यात ठेवायच्या 'गोळ्या'. त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतील तर त्या घरात नकोतच. हवेतल्या ओलीने त्यांतून फॉस्फीन वायू सुटतो. ३ ग्रॅमच्या एका गोळीतून सुमारे १ ग्रॅम. आता हिशेब करा: दहा फूट रुंद, बारा फूट लांब, दहा फूट उंच खोलीत साधारण ३४ घनमीटर हवा मावते. खिडक्या बंद असताना एका गोळीचा वायू तिथे पसरला, तर त्याचं प्रमाण दशलक्ष भागांत वीसच्या पुढे जातं. कामगारांसाठी आठ तासांची मान्य मर्यादा ०.३ आहे. म्हणजे सत्तरपट. त्यावर उतारा नाही. माणूस, कुत्रा, मांजर, पक्षी, कुणालाच तो वायू सोडत नाही आणि पिंजऱ्यातला पक्षी बहुधा सगळ्यांत आधी जातो. ही औषधं वखारींसाठी, प्रशिक्षित माणसांच्या हाती देण्यासाठी आहेत. त्यांच्या विक्रीवर आणि वापरावर केंद्र सरकारचे निर्बंध आहेत. दुकानदाराने कागदाच्या पुडीत बांधून दिली तरी घेऊ नये.

पाऱ्याच्या टिकड्या अजून अनेक घरांत तांदळात पुरलेल्या असतात. पाऱ्याची वाफ हळूहळू सुटते, टिकडी फुटली तर पारा फटीत जातो आणि तिथून निघत नाही. त्याही नकोत.

डांबराच्या गोळ्या धान्यात कुणी घालत नाही, पण फडताळाच्या कोपऱ्यात घालतात. त्यांतलं नॅफ्थलीन कुत्र्या-मांजरांच्या तांबड्या पेशी फोडतं. खेळता खेळता गिळलेली एक गोळीही लहान जिवाला पुरते. कापूरही पोटात गेला तर झटके आणू शकतो.

झुरळं-मुंग्यांसाठी ओढायचा खडू आणि फवाऱ्याचे डबे यांत पायरेथ्रॉइड गटातली औषधं असतात. त्यांतल्या परमेथ्रिनला मांजर फारच नाजूक: लाळ, थरथर, झटके. माशांना तर हा सगळा गटच घातक. टाकीचा पंप खोलीतली हवा पाण्यात खेचतो, त्यामुळे बाजूच्या भिंतीवर मारलेला फवारा थेट टाकीत उतरतो. पेस्ट कंट्रोलवाला येणार असेल तर औषधाचं नाव आधी विचारावं, पंप बंद करून टाकी झाकावी, पिंजरा शेजारच्या घरी ठेवावा आणि फरशी वाळेपर्यंत मांजराला आत घेऊ नये. खरं तर धान्यकिड्यांसाठी फवारणीचा उपयोगच कमी. अळी दाण्याच्या आत असते आणि दाण्यावर कुणी फवारा मारत नाही.

बोरिक पावडर मुंबईच्या घराघरांत तांदळाला चोळतात. ती तुलनेने सौम्य, आणि तांदूळ तीन-चार पाण्यांनी धुतला की बरीचशी निघून जाते. पण पक्ष्याचं धान्य कुणी धूत नाही. त्यामुळे पिंजऱ्यातल्या बाजरी-राळ्याला बोरिक लावायची नाही, आणि कुत्र्याची कणीही धुऊनच शिजवायची.

बिब्बे घालायची रीत गावाकडे आहे. बिब्ब्याचं तेल कातडीला लागलं की फोड येतात. डब्यातून गडगडलेला बिब्बा कुत्र्याच्या पिल्लाने चघळला तर तोंडाचं काय होईल, ते सांगायला नको.

एरंडेल आणि कडुनिंब या दोघांना मात्र पास करायला हरकत नाही. किलोभर डाळीला किंवा मुगाला छोटा चमचाभर तेल चोळलं, की भुंग्याच्या अंड्याचा श्वास कोंडतो आणि सालीवर नवं अंडं नीट चिकटत नाही. हे प्रयोगांनी सिद्ध झालेलं आहे. कडुनिंबाचा सावलीत वाळवलेला पाला, लवंगा, तमालपत्र, तिखटाच्या बरणीतले हिंगाचे खडे यांनी नवा किडा बिचकतो. दाण्यात शिरलेली अळी मरत नाही. म्हणजे हे धान्य आणल्या दिवशी करायचे उपाय आहेत, कीड लागल्यावर करायचे नव्हेत.

विषाशिवाय बंदोबस्त

कीड दिसली की एक दुपार काढावी. सगळे डबे खाली, प्रत्येक डबा उघडून वासापासून तपासणी. जिथे सर्वांत जास्त वस्ती, तो उगम. फळ्यांच्या फटी, डब्यांच्या झाकणांच्या खाचा, पिशवीच्या दुमडी व्हॅक्यूमने किंवा जुन्या टूथब्रशने साफ कराव्यात, साबणाच्या पाण्याने पुसून पूर्ण कोरडं करावं. काढलेला कचरा घरातल्या डब्यात ठेवू नये, तसाच बाहेर न्यावा. चाळीत हे काम मधल्या दारात सुपाने पाखडून चालतं, पण तेव्हा कुत्र्याला बांधावं. पसरलेल्या वाणसामानात मनुका आणि कांदा-लसूण मसालाही असतो आणि हे दोन्ही त्याच्यासाठी विषारी.

त्यानंतर थंडी किंवा ऊन. घरच्या फ्रीजरचं तापमान उणे १८ अंशांच्या आसपास असतं. एक-दोन किलोची पिशवी त्यात चार दिवस ठेवली की अंड्यांसह सगळ्या अवस्था मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, नाहीतर बाष्प धरून बुरशीला आमंत्रण. कुत्र्याच्या सुक्या खाण्यालाही हाच उपाय चालतो. फ्रीजच्या खालच्या कप्प्यात कीड मरेलच असं नाही, पण वाढत नाही.

ऊन हा आपला जुना उपाय आणि त्यामागचं गणितही पक्कं. दाण्याचं तापमान ५५ अंशांच्या पुढे गेलं आणि तासभर टिकलं की अळी आतल्या आत मरते. नुसत्या चादरीवर पसरून एवढी उष्णता मिळत नाही. काळा कागद किंवा गडद कापड खाली, त्यावर धान्याचा बोटभर थर आणि वरून पारदर्शक प्लास्टिक दडपून लावलं तर मिळते. आफ्रिकेत चवळीच्या भुंग्यावर शेतकऱ्यांना हीच युक्ती शिकवली गेली. मुंबईत ही संधी मेअखेरपर्यंत, आणि मग थेट ऑक्टोबरच्या उन्हात.

शेवटची गोष्ट हवाबंद डबा. त्यात किडे आतला प्राणवायू संपवतात, मग खाणं थांबवतात आणि मरतात. पण डबा शिगोशीग भरलेला हवा. अर्ध्या रिकाम्या डब्यात हवा भरपूर उरते. म्हणून एका मोठ्या डब्यापेक्षा चार लहान बरे. कुत्र्याचं खाणं मूळ पिशवीसकटच डब्यात ठेवावं: पिशवीवर तारीख आणि बॅच नंबर असतो, तो डॉक्टरला लागतो. जुनं संपल्यावर डबा धुऊन कोरडा करावा आणि मगच नवीन भरावं. वरून ओतत राहिलं की तळाची कीड कायम राहते.

काही पोटात गेलंच तर

लाळ, थरथर, तोल जाणं, उलटी, हिरड्या पांढऱ्या पडणं, यांतलं काही दिसलं तर घरगुती उतारे शोधत बसू नये. मिठाचं पाणी पाजून उलटी काढणं धोक्याचं. दूध हाही उतारा नव्हे. डांबराच्या गोळीसारखं विष स्निग्ध पदार्थाबरोबर उलट अधिक शोषलं जातं. खडू किंवा फवारा अंगाला लागलेल्या मांजराला भांड्यांच्या साबणाने कोमट पाण्यात धुवावं, टॉवेलात गुंडाळावं आणि औषधाचं वेष्टन बरोबर घेऊन निघावं. फॉस्फाइडची शंका असेल तर आधी खिडक्या उघडून सगळ्यांनी बाहेर पडावं. प्राण्याच्या उलटीतूनही तो वायू सुटतो.

चिंचपोकळीकर याबाबतीत नशीबवान. दोन स्टेशनांवर परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे आणि त्याच आवारात १८८६ पासूनचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय. २०२४ च्या जुलैत महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं लहान प्राण्यांचं रुग्णालयही सुरू झालं.

तिथे जायची वेळ येऊ नये यासाठी बेगमीचाच थोडा फेरविचार करावा लागेल. वर्षाचं धान्य एकदम भरणं शहाणपणाचं होतं, कारण पावसाळ्यात बाजार बंद पडायचा, भाव चढायचे आणि गिरणीच्या पगारावर दर महिन्याला वाण्याचं तोंड बघणं परवडत नव्हतं. आता वाणी जिन्याखाली आहे आणि फोनवरही. तिखट, गहू, पापड यांची बेगमी खुशाल करावी. तांदूळ, रवा, कडधान्यं आणि कुत्र्याची पिशवी मात्र जून ते सप्टेंबर पंधरा दिवस पुरेल एवढीच आणावी. सोंड्याला दाण्यातून बाहेर यायला महिना लागतो. त्याच्या आधी तांदूळ भांड्यात गेला, तर गोळी, खडू आणि पावडर यांपैकी कशाचीच गरज पडत नाही.